फाईल उडवू नका, पण गप्पही बसू नका

पत्र : "ताई, माझं वय ३४, नवऱ्याचं ३७. आम्ही भांडुपला राहतो. तो बीकेसीत एका बँकेत, मी ठाण्याला एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात. मुलगी सीनियर केजीत आहे, घरी सासूबाई आहेत. नवऱ्याला दारू-सिगारेट काही नाही. पण रोज रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडतो आणि दीड-दोन वाजेपर्यंत फुटबॉल मॅनेजर खेळतो. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावचा सहाव्या डिव्हिजनचा क्लब त्याने घेतलाय म्हणे. आता त्याच्या गेममध्ये २०४१ साल चालू आहे. बॉल नाही, गोल नाही, नुसते तक्ते वाचत बसतो. अंधारात त्या स्पेसबारची टकटक ऐकत मी झोपते. गेल्या महिन्यात मला टीम लीडर केलं, हाताखाली आठ माणसं आली. मी सांगितलं तर 'अरे वा' म्हणाला आणि परत स्क्रीनकडे. त्याच रात्री गेममधल्या एका सतरा वर्षांच्या पोराचं मनोबल खचलंय म्हणून अर्धा तास त्याची समजूत काढत होता. तो पोरगा अस्तित्वातच नाही! सासूबाई म्हणतात हा सट्टा आहे, माझे बाबा म्हणतात पोरखेळ. मला तर वाटतं एका रात्री उठावं आणि ती सेव्ह केलेली फाईल उडवून टाकावी. हे व्यसन आहे का? आणि पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. दीर म्हणतात, गेमची नवी आवृत्ती भेट दे. देऊ का?"
– नाव नको, भांडुप

प्रिय मैत्रिणी,

घाईचं आहे ते आधी सांगते. ती फाईल उडवू नका. रागाच्या भरातही नको आणि "चुकून झालं वाटतं" असं म्हणत तर अजिबात नको. त्या फाईलमध्ये काय आहे हे तुम्हाला नीट कळलं, तर मी असं का म्हणते तेही कळेल आणि तुमचा राग नेमका कशाचा आहे तेही तुमचं तुम्हालाच दिसेल. म्हणून जरा तपशिलात शिरते.

या गेममध्ये खेळाडूला बटणं दाबून पळवायचं नसतं. तुम्ही मॅनेजर असता. संघ निवडायचा, टॅक्टिक ठरवायची, सराव लावून द्यायचा, कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, पगारावरून एजंटशी घासाघीस करायची आणि मॅच सुरू झाली की मैदानाबाहेर उभं राहून बघायचं. प्रत्येक खेळाडूला वेग, पासिंग, हेडर, जिद्द, एकाग्रता अशा कितीतरी गुणांसाठी १ ते २० मधला आकडा दिलेला असतो. तुम्हाला दिसतात ते तक्ते हेच. हे आकडे कुणी ऑफिसात बसून अंदाजाने टाकत नाही. देशोदेशी त्यांचे लोक असतात, बरेचसे त्या त्या क्लबचे चाहतेच. ते मॅचेस बघतात, खेळाडू पारखतात आणि माहिती भरतात. ही माहिती इतकी भरवशाची मानली जाते, की २००८ मध्ये एव्हर्टनसारख्या प्रीमियर लीगमधल्या क्लबने खेळाडू हेरायला ती वापरण्याचा करार केला होता.

पण खरे खेळाडू फक्त सुरुवातीला असतात. गेममधली वर्षं पुढे सरकतात तसे मेसी, रोनाल्डो, एम्बापे एकेक करून निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर नवे खेळाडू घडवतो. दर वर्षी एकदा प्रत्येक क्लबच्या अकादमीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची नवी तुकडी दाखल होते. कुणाचं नाव पोर्तुगीज, कुणाचं नायजेरियन. कुणी हुशार पण आळशी, कुणी बेताचा पण राबणारा. तुमचा नवरा २०४१ मध्ये आहे, म्हणजे आज त्याच्या संघात आपल्या ओळखीचं जवळजवळ एकही नाव नसणार. तो सतरा वर्षांचा पोरगा त्याच्याच लॅपटॉपवर जन्मला. दुसऱ्या कुणी हाच गेम, हाच क्लब घेऊन सुरू केला तरी तो तिथे असणार नाही. त्याचा पहिला गोल जगात फक्त एका माणसाने पाहिलाय, भांडुपला, रात्री एक वाजता.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लिव्हरपूल हरलं तर तुमचा नवरा लोकलमध्ये कुणाशीही त्यावर बोलू शकतो. या पोराबद्दल तो कुणाशी बोलणार?

सहाव्या डिव्हिजनपासून सुरुवात करणं म्हणजे इंग्लंडच्या रचनेत गेम देतो त्या सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात. तिथून वर यायला गेममधली कित्येक वर्षं जातात आणि एकेका सीझनला कित्येक रात्री. त्यातच मध्ये एक घटना घडली. तो खेळत असेल ती आवृत्ती बहुधा २०२३ च्या नोव्हेंबरची असणार. एरवी दर वर्षी नवी आवृत्ती येते, लोक जुना क्लब सोडतात आणि नवा डाव मांडतात. पण त्यानंतरची आवृत्ती कंपनीने आधी पुढे ढकलली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चक्क रद्द केली. नवी आली ती थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे जगभरातले हजारो खेळणारे दोन वर्षं एकाच डावात राहिले आणि एरवी कधी गेले नसते इतके आत गेले. तुमचा नवरा त्यांतलाच दिसतो. ती फाईल तुम्ही उडवलीत, तर कुणी वर्षानुवर्षं लिहिलेली वही बंबात घालावी तसं होईल. मग तुमची तक्रार कितीही रास्त असो, घरात चर्चा फक्त त्या फाईलची होईल. तुमची बाजू तुम्हीच गमावाल, आणि तुमची बाजू गमावण्यासारखी मुळीच नाही.

आता सासूबाई. हा सट्टा नाही, हे त्यांना निःशंक सांगा. गेम एकदा विकत घ्यायचा. त्यात पैसे लावायचे नसतात, जिंकायचे नसतात. आयपीएलच्या दिवसांत टीव्हीवर ज्यांच्या जाहिराती यायच्या, पैसे भरून संघ बनवायची ती ॲप त्यांच्या डोक्यात असावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि आपल्या मुंबईच्याच ड्रीम इलेव्हनलाही पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. हा प्रकार त्याहून पूर्ण वेगळा आहे. एक मात्र विचारून घ्या. मोबाईलवर मॅनेजरचेच काही फुकट गेम असतात आणि त्यांत कॉइन विकत घेतल्याशिवाय पुढे सरकणं अवघड जातं. तसलं काही तो खेळतो का, आणि त्यावर पैसे जातात का, एवढं साध्या आवाजात विचारा. संशयाने क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चाळत बसू नका.

बाबांच्या "पोरखेळ" या शेऱ्याशी मी सहमत नाही. घरच्या कॉम्प्युटरवरचा फुटबॉल मॅनेजर नावाचा पहिला गेम केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थाने १९८२ मध्ये काढला. तुमचा नवरा खेळतो त्या गेमचं मूळ १९९२ चं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी तो घरी बसून बनवला, आणि तेव्हा त्याचं नाव होतं चॅम्पियनशिप मॅनेजर. त्यावर वाढलेल्या मुलांपैकी एकाचं उदाहरण बाबांना जरूर सांगा. विल स्टिल. इंग्रज आईबापांचा, बेल्जियममध्ये वाढलेला, लहानपणापासून या गेमच्या नादी लागलेला. त्याने इंग्लंडात प्रेस्टनला कोचिंगचं शिक्षण घेतलं, तिथल्या चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवलं, मग बेल्जियमच्या एका क्लबमध्ये मॅचचे व्हिडिओ कापून विश्लेषण करायचं काम धरलं. २०२२ मध्ये, वयाच्या तिशीत, फ्रान्सच्या पहिल्या लीगमधल्या रेन्स क्लबची सूत्रं त्याच्याकडे आली. त्याच्याकडे सर्वोच्च कोचिंग लायसन्स नव्हतं, म्हणून क्लब दर मॅचमागे २५,००० युरो दंड भरत होता. तरीही त्याचा संघ लीगमधल्या पहिल्या १७ मॅचेस हरला नाही आणि मेसी-एम्बापेच्या पॅरिसला त्यांच्याच मैदानावर बरोबरीत रोखून आला.

यावरून तुमच्या नवऱ्याने बँक सोडावी असं कुणी म्हणणार नाही. स्टिल गेममुळे नादी लागला हे खरं, पण पुढे वर्षानुवर्षं मैदानावर आणि व्हिडिओच्या खोलीत राबला. माझं म्हणणं इतकंच, की जो खेळ माणसाला इतकं वाचायला, तोलायला आणि वाट बघायला लावतो, त्याला पोरखेळ म्हणून झटकलं की तुमचा नवरा गप्प होणार. आणि गप्प झालेल्या माणसाशी काही ठरवता येत नाही.

आता तुमच्याकडे येते. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन वाजेपर्यंतचं जागरण, स्पेसबारची टकटक, तक्ते, हे सगळं तुम्ही सोसलंत. ठेच लागली ती "अरे वा"ला.

न जन्मलेल्या पोराचं मनोबल ज्याला कळतं, त्याला बायकोचा चेहरा वाचता येत नाही, हे मला पटत नाही. त्याला वाचता येतो. पण गेममध्ये मनोबल लिहून येतं, रंगाने दाखवलं जातं, आणि मुख्य म्हणजे तिथे सगळं त्याच्यासाठी खोळंबून असतं. त्याने स्पेसबार दाबल्याशिवाय दुसरा दिवस उजाडतच नाही. खचलेला पोरगा कितीही वेळ खचलेलाच राहतो, मॅनेजर येईपर्यंत. घर असं थांबत नाही. तुम्ही दारातून आलात, बातमी सांगितलीत, ती पाच मिनिटं आली आणि गेली. रोज रात्री तीन तास थांबणाऱ्या जगात राहिलं, की न थांबणाऱ्या जगातली अशी पाच मिनिटं हातातून निसटतात.

यातून त्याला माफी मिळत नाही. हे त्याला कळलंच पाहिजे, आणि ते तुम्हीच सांगायला हवं. कसं सांगायचं यावर मी जरा अडून बसणार आहे.

रात्री अकराला सांगू नका. तेव्हा त्याची मॅच चालू असेल तर अर्धं लक्ष तिकडे, नसेल तर तुम्ही दमलेल्या. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, सासूबाई भाजीला किंवा देवळात गेल्यावर. मुलीला कार्टून लावून द्या, एक दिवस चालतं. आणि थोडक्यात बोला. "मला टीम लीडर केलं त्या दिवशी तू वर बघितलं नाहीस. मला फार लागलं. अजून लागतंय." बस. पुढे लगेच "आणि त्या पोरासाठी अर्धा तास होता तुझ्याकडे" हे वाक्य जिभेवर येईल. गिळा. ते खरं आहे, पण ते उच्चारलंत की विषय गेमवर सरकेल, तो गेमची बाजू मांडू लागेल आणि तुम्ही पुन्हा बाजूला राहाल. तो "ऐकलं होतं मी" म्हणेल. म्हणू दे. थोडा वेळ शांतता होईल, ती तुम्ही भरू नका. त्यालाच भरू द्या. आणि बढतीचं जेवण राहिलंय, ते मागून घ्या. हॉटेल तुम्ही निवडायचं, फोन करून टेबल त्याने ठेवायचं.

आणखी एक सुचवते. पटलं तरच करा. तुमच्या हाताखाली आता आठ माणसं आहेत. त्यांत एखादा तरी असेल ज्याला वाटतं की ही खुर्ची माझी होती. त्याच्याशी कसं वागायचं हे तुमच्या डोक्यात घोळत असणार. ते नवऱ्याला विचारा. ज्याला संघाबाहेर बसवलंय त्याला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, नाराज सीनियर अख्ख्या ड्रेसिंग रूमचं वातावरण कसं नासवतो, कौतुक कधी चारचौघांत करायचं आणि कधी एकट्याला बाजूला घेऊन, यावर हा माणूस रोज रात्री विचार करतोय. क्लेम विभाग म्हणजे फुटबॉल संघ नाही आणि खऱ्या माणसांच्या कपाळावर आकडे लिहिलेले नसतात. त्याचा सल्ला मानलाच पाहिजे असंही नाही. पण तुमचा दिवस आणि त्याची रात्र एकाच गप्पांमध्ये यायला यासारखी वाट नाही. विचारल्यावर तो खुलला नाही, उडवाउडवी केली, तर तेही तुम्हाला कळायला हवंच होतं.

मग वेळेचं. तुमच्या घरातला रोजचा संवाद मी इथे बसून सांगू शकते. "किती वेळ?" "पाच मिनिटं." तो खोटं बोलत नाही. या गेमला शेवटच नसतो, हे कारण आहे. मॅच संपली की इनबॉक्समध्ये पंधरा मेसेज, ते वाचले की पुढची मॅच तीन दिवसांवर. पाच मिनिटांचं माप इथे लागूच पडत नाही. माप ठेवायचं ते मॅचचं. मॅच चालू असताना सेव्ह करता येत नाही, त्यामुळे अर्ध्यात "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणणं त्याला अन्याय वाटणार. पण मॅच संपल्यावर कुठल्याही क्षणी सेव्ह करून उठता येतं, काहीही बुडत नाही. तेव्हा "ही मॅच झाली की बंद" हा करार तुम्हा दोघांनाही झेपेल. शेवटची मॅच साडेअकराच्या आत सुरू झालेली असली पाहिजे, म्हणजे बाराला दिवा बंद. आठवड्यातल्या दोन रात्री लॅपटॉप उघडायचाच नाही, आणि त्या कुठल्या ते तुम्ही ठरवायचं. शनिवारची रात्र त्याची, त्यात तुम्ही डोकवायचं नाही. वर्षातून दोनदा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपते, त्या दिवशी गेम तासातासाने पुढे सरकतो आणि त्याला उठवणार नाही. अशा रात्री त्याने आधी सांगून मागून घ्याव्यात. तुम्ही द्याव्यात.

लॅपटॉप पलंगावर नको. मुंबईतल्या घरात दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न मला ठाऊक आहे. हॉलमध्ये सासूबाई झोपत असतील तर स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खुर्ची-टेबल मांडा. तुमची झोप वाचेल. आणि साध्या लाकडी खुर्चीवर माणूस उशी-पांघरुणात बसतो तितका वेळ बसत नाही.

व्यसन आहे का, हे तुम्ही थेट विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केलाय, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तास मोजलेले नाहीत. आवरता येत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो आणि नुकसान दिसत असूनही थांबत नाही, असं साधारण वर्षभर चाललं आणि त्याने नोकरी-घर-नाती खिळखिळी झाली, तर तो विकार. तुमच्या पत्रात मला ते अजून दिसत नाही. मुलगी झोपल्यावर तो बसतो, नोकरी नीट चाललीय, पैसे उधळत नाही. मला काळजी वाटते ती झोपेची. रात्री दोनला झोपून सकाळच्या गर्दीत भांडुपहून कुर्ला गाठणारा माणूस रोज तुटपुंज्या झोपेवर जगतोय, आणि त्याचं अर्धं "अरे वा" तिथूनही आलेलं असू शकतं. ठरवलेली वेळ तो पाळायचा प्रयत्न करतो आणि अधूनमधून घसरतो, तर ठीक आहे. पण लपून खेळू लागला, विचारल्यावर खवळू लागला, दांड्या मारू लागला, तर वाट बघू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, आणि केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे तुम्ही एकट्याही जाऊन बोलू शकता.

राहिली भेट. तुम्ही देऊ नका. रविवारचं बोलणं झालेलं नसताना तुमच्या हातून नवा गेम गेला, तर "चाललंय ते छान चाललंय" असा निरोप जाईल. शिवाय २०४१ पर्यंत पोचलेला माणूस तो क्लब अर्ध्यात टाकून नव्या आवृत्तीत रमेलच असं नाही. दिरांना द्यायचीच असेल तर त्यांनी द्यावी, भावाभावांत ते शोभतं.

तुम्ही त्याला खरी मॅच दाखवा. टीव्हीवरची नाही. कूपरेजला किंवा बांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर मुंबईच्या स्थानिक क्लबांच्या मॅचेस होत असतात. (नेव्हिल डिसोझा म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा आपल्या मुंबईचा खेळाडू. मुलीला हे बाबानेच सांगू दे.) प्रेक्षक मोजके असतात, अगदी रेषेजवळ उभं राहता येतं. बाजूने कोच ओरडत असतो, बदली खेळाडू शूजच्या लेस बांधत असतो. तिथे त्याला विचारा, यातला कुठला पोरगा तू तुझ्या क्लबला घेशील आणि का. मुलीला भूक लागली किंवा ती कंटाळली, तर हाफ टाइमला निघालात तरी चालेल.

तुमची ताई